अभ्यासक्रमातील विविधता आणि प्राध्यापकांना लागणारे पाठबळ

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदवीवर्गांत आज जे विद्यार्थी बसतात, त्यांत ऊसतोडणीसाठी वर्षातले काही महिने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले असतात, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुली असतात, घरी भिली, गोंडी, कोरकू किंवा अहिराणी बोलून वर्गातील प्रमाण मराठीशी आणि संदर्भग्रंथांतील इंग्रजीशी झुंजणारे तरुण असतात, आणि 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्यामुळे दृष्टिहीन, कर्णबधिर व अन्य दिव्यांग विद्यार्थ्यांचाही तेथे हक्काचा वाटा असतो. अभ्यासक्रम मात्र बहुतेक विषयांत अजूनही असा एक विद्यार्थी गृहीत धरून लिहिलेला असतो, की ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याची भाषा ग्रंथांची भाषा आहे आणि ज्याच्या पूर्वजांचा उल्लेख त्या ग्रंथांत कर्ते म्हणून आलेला आहे. हे अंतर कमी करण्याची अपेक्षा अखेरीस वर्गात उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकांकडून केली जाते. परंतु त्यासाठी त्यांना वेळ, साहित्य, सहकाऱ्यांची सोबत आणि प्रश्नपत्रिकेतील जागा यांपैकी काय उपलब्ध करून दिले आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पुढील विवेचन विभागप्रमुख, प्राचार्य, अभ्यासमंडळांचे सदस्य आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षांचे समन्वयक यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण या चारही गोष्टी त्यांच्याच हाती असतात.

अभ्यासक्रमातील विविधता या संज्ञेने येथे तीन गोष्टी अभिप्रेत आहेत. पहिली आशयाची, म्हणजे अभ्यासक्रमात कोणाचे अनुभव, कोणाचे ग्रंथ आणि कोणाचे ज्ञान अभ्यासण्याजोगे मानले गेले आहे, ही बाब. दुसरी अध्यापनपद्धतीची, म्हणजे तो आशय वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांपर्यंत कोणत्या वाटांनी पोचतो, ही बाब. आणि तिसरी मूल्यमापनाची, म्हणजे विद्यार्थ्याला काय समजले आहे हे दाखवण्याच्या किती रीती त्याच्यापुढे खुल्या आहेत, ही बाब. या तिन्हींपैकी केवळ पहिलीवर सर्व भर दिला जातो आणि तोही बहुधा अभ्यासक्रमाच्या शेवटी एक नवा घटक जोडून. शेवटचा घटक सत्र संपता संपता घाईने उरकला जातो, त्यावर पर्यायी प्रश्न येतो आणि विद्यार्थी तो वगळतात, हा अनुभव सर्वच विभागांना परिचित आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रात नव्याने उपटलेला नाही. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात शेतकऱ्यांच्या करातून चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांनाच होतो ही तक्रार तर होतीच, पण त्याखेरीज प्राथमिक शाळांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे असावेत आणि शिक्षकही शक्यतो शेतकरी वर्गातून तयार केले जावेत, अशा सूचना होत्या. म्हणजे कोण शिकणार, काय शिकणार आणि कोण शिकवणार हे तीन प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे त्यांनी त्याच वेळी ओळखले होते. धोंडो केशव कर्वे यांचे महिला विद्यापीठ 1916 साली, भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था 1919 साली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेले औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय 1950 साली सुरू झाले आणि त्यांनी प्रवेशाची दारे उघडली. अभ्यासक्रमाचे दार मात्र फार सावकाश उघडत गेले. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात 1974 साली नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे राहिले, आणि पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी जात व लिंगभाव एकत्रितपणे शिकवण्याची जी पद्धत घडवली, तिच्यातून 2006 साली दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील त्यांचा महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. या परंपरेचा अभ्यास प्राध्यापकांच्या कोणत्याही प्रशिक्षणाचा पहिला भाग असायला हवा. कारण विविधतेचा आग्रह बाहेरून आलेला आहे, असा जो समज अनेक विभागांत आढळतो, तो या इतिहासाच्या अज्ञानातून आलेला आहे.

अभ्यासक्रमाचे एकत्रित वाचन

प्राध्यापकांना साहाय्य करण्याची सुरुवात व्याख्यानाने करू नये. बाहेरच्या तज्ज्ञाला बोलावून दोन तासांचे भाषण ठेवले, तर उपस्थितीची नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काहीही बदलत नाही. त्याऐवजी विभागातील सर्वांनी मिळून एकच विषयपत्रिका घ्यावी आणि तिच्यातील उद्दिष्टे, घटक, संदर्भग्रंथांची यादी व मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून ती ओळीओळीने वाचावी. वाचताना काही साधे प्रश्न हाताशी असावेत. संदर्भग्रंथांचे लेखक कोण आहेत, त्यांतील अगदी अलीकडचा ग्रंथ किती जुना आहे आणि त्यांपैकी किती मराठीत उपलब्ध आहेत; उदाहरणांत येणारा माणूस कोठे राहतो आणि काय काम करतो; स्त्रिया, आदिवासी, भटके-विमुक्त किंवा मुस्लिम समाज यांचा उल्लेख येतो तेव्हा तो केवळ समस्या म्हणून येतो की ज्ञान निर्माण करणारे म्हणूनही येतो; आणि हा उल्लेख मुख्य युक्तिवादात आहे की परिशिष्टासारखा बाजूला आहे. शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत, कारण नावांची मोजदाद करून जे दिसत नाही ते त्यांतून दिसते.

या वाचनाला अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली चार पायऱ्यांची विभागणी उपयोगी पडते. पहिल्या पायरीवर वंचित समूहांतील थोर व्यक्ती आणि सणसमारंभ यांचा उल्लेख होतो. दुसऱ्या पायरीवर मूळ रचना तशीच ठेवून नवा घटक किंवा नवे पुस्तक जोडले जाते. तिसऱ्या पायरीवर अभ्यासविषयाची रचनाच बदलते, म्हणजे तोच विषय वेगवेगळ्या समूहांच्या दृष्टीने पाहिला जातो. आणि चौथ्या पायरीवर विद्यार्थी त्या ज्ञानाच्या आधारे आपल्या परिसरातील एखाद्या प्रश्नावर निर्णय घेऊन कृती करतात. जयंतीनिमित्त व्याख्यान ही पहिली पायरी आहे आणि ती त्याज्य नाही, पण तेथेच थांबल्यास अभ्यासक्रम होता तसाच राहतो. प्राध्यापकांना खरे पाठबळ लागते ते दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर जाताना, कारण तेथे स्वतःच्या विषयाची मांडणी नव्याने करावी लागते आणि ते काम एकट्याने, सत्र चालू असताना, होत नाही.

मराठी विभागाचे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होतो. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या विषयपत्रिकेत दलित आत्मकथने हा स्वतंत्र घटक शेवटी जोडला, की दुसरी पायरी गाठली जाते. परंतु त्यामुळे आत्मचरित्राची व्याख्या मागील घटकांत होती तीच राहते आणि ही आत्मकथने त्या व्याख्येचा अपवाद म्हणून वाचली जातात. याउलट लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’, दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (1986) आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (2003) ही पुस्तके एकाच प्रश्नाभोवती शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे लिहिणारा ‘मी’ हा एका व्यक्तीचा असतो की एका वस्तीचा, हे प्रत्येक पुस्तकाला विचारले, तर व्याख्याच तपासली जाते. मग ‘स्मृतिचित्रे’तील धर्मांतराचा आणि संसाराचा अनुभवही नव्या प्रकाशात दिसतो; म्हणजे जुन्या ग्रंथाची हानी न होता त्याचे वाचन अधिक सखोल होते. जुने मान्यवर ग्रंथ बाहेर पडतील, ही भीती अनेक प्रामाणिक प्राध्यापकांच्या मनात असते आणि तिला असे एखादे प्रत्यक्ष उदाहरणच उत्तर देऊ शकते. एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणेचा इतिहास शिकवताना ‘ज्ञानोदय’मध्ये 1855 साली प्रसिद्ध झालेला मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध आणि ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ (1882) हे लेखन मूळ साधन म्हणून पहिल्याच आठवड्यात वाचून घेतले, तर सुधारणा ही कोणीतरी कोणासाठी तरी केलेली गोष्ट होती हे चित्र आपोआप बदलते.

विज्ञान, विधी आणि अर्थशास्त्र या विषयांत

विविधता हा मानव्यविद्यांचा प्रश्न असून विज्ञान-तंत्रज्ञानाला तो लागू होत नाही, असे मत प्रांजळपणे बाळगणारे प्राध्यापक पुष्कळ आहेत आणि त्यांना दोष देऊन काही साधत नाही. त्यांच्या विषयाच्या आतूनच उदाहरणे पुरवणे हे येथे विभागाचे काम आहे. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बोटावर चिमटा लावून मोजणारे उपकरण, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, करोनाच्या साथीत घरोघरी पोचले. 2020 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची धोकादायक घट त्या उपकरणाच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते, कारण प्रकाशाच्या शोषणावर त्वचेतील रंगद्रव्याचाही परिणाम होतो. भौतिकशास्त्राच्या वर्गात प्रकाशशोषणाचा नियम शिकवताना हे उदाहरण घेतले, तर नियमही पक्का होतो आणि कोणत्या लोकांवर चाचणी घेऊन उपकरण प्रमाणित केले गेले, हा शास्त्रीय पद्धतीचाच प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. मोटारींच्या सुरक्षाचाचणीत अनेक दशके सरासरी पुरुषाच्या आकारमानाची प्रतिकृतीच प्रमाण मानली गेली, ही बाब यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गासाठी तितकीच उपयोगी आहे. आनुवंशशास्त्रात दात्रपेशी आजार, म्हणजे सिकलसेल, हा पाठ्यपुस्तकात उत्परिवर्तनाचे नमुनेदार उदाहरण म्हणून येतोच. पण गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांत तो रोजच्या जगण्याचा भाग आहे आणि त्याच्या निर्मूलनासाठी जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे, हे त्याच तासाला सांगितले, तर आनुवंशिकतेचा तक्ता आरोग्यकेंद्रापर्यंत जाऊन भिडतो. विज्ञानाच्या इतिहासातही हे करता येते. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री असल्याच्या कारणावरून प्रथम प्रवेश नाकारला गेला आणि नंतर अटींवर दिला गेला; पुढे त्यांनी केंब्रिजमधून विद्यावाचस्पती पदवी मिळवली आणि नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. हे चरित्र सांगताना त्यांच्या जिद्दीची स्तुती करून थांबू नये, तर त्यांचे संशोधन काय होते, हेही शिकवावे. पुरुष शास्त्रज्ञांचा शोध आणि स्त्री शास्त्रज्ञांचा संघर्ष अशी वाटणी झाली, तर विद्यार्थिनींच्या मनात चुकीचाच धडा उतरतो.

विधी शाखेत तर प्राध्यापकांनीच दिशा दाखवल्याचे उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या, मथुरा प्रकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवल्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या विधीच्या अभ्यासकांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती, हे निकालातील गृहीतक गरीब आदिवासी मुलीच्या पोलीस ठाण्यातील स्थितीचा विचारच करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर 1983 साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. हा निकाल आणि ते पत्र एकत्र वाचायला देणे म्हणजे एकाच मजकुरातील गृहीतके कशी ओळखावीत, याचे प्रशिक्षण होय. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र या विषयांत 2019 साली झालेले देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण असेच कामी येते. घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि पुरुष 97 मिनिटे, ही त्यातील आकडेवारी राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्येसमोर ठेवली, की मोजमापाच्या सीमा कोण ठरवते, ही चर्चा आपोआप सुरू होते. सामूहिक मालमत्तेचा सिद्धांत शिकवताना 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या, गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाचे व्यवस्थापन अभ्यासता येते. आणि कृषी महाविद्यालयात पीकवाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, 2001 शिकवताना अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील, 2020चा पद्मश्री पुरस्कार लाभलेल्या राहीबाई पोपेरे यांनी जतन केलेल्या देशी बियाण्यांपासून सुरुवात करता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या भारतीय ज्ञानप्रणाली या विषयालाही हे लागू आहे. तो विषय केवळ संस्कृत ग्रंथांपुरता ठेवायचा, की बियाणे, औषधी वनस्पती, पाणीव्यवस्था आणि कारागिरी यांचे मौखिक ज्ञानही त्यात आणायचे, याचा निर्णय आज अनेक विभागांच्या हातात आहे आणि तो विचारपूर्वक घेतला गेला पाहिजे.

साहित्याची उपलब्धता

उदाहरणे सुचवणे सोपे असते. ती शिकवण्याजोगी करून हाती देणे कष्टाचे असते आणि प्राध्यापकांची मुख्य अडचण तेथेच असते. अनेक विषयांतील चांगले लेख इंग्रजीत आहेत, ते सशुल्क नियतकालिकांत आहेत आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ते थेट देता येत नाहीत. म्हणून ग्रंथपाल आणि विभाग यांनी मिळून प्रत्येक विषयपत्रिकेसाठी एक लहानसा वाचनसंच तयार करावा. त्यात एखादे मूळ साधन, एखादा अभ्यासकाचा लेख, त्याचा दोन-तीन पानांचा मराठी सारांश, कठीण संज्ञांची मराठी स्पष्टीकरणे आणि वर्गात चर्चेला घेण्याजोगे चार प्रश्न असावेत. मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यांचा येथे उपयोग होतो, पण संज्ञा कृत्रिम वाटत असेल तर ती सोप्या वाक्यात उलगडून सांगणे अधिक बरे. उदाहरणार्थ, आंतरछेदितता ही संज्ञा, जी अमेरिकी विधिज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 साली मांडलेल्या संकल्पनेसाठी मराठीत वापरली जाते, ती फळ्यावर लिहून सोडली तर कोणाला काही कळत नाही. दलित स्त्रीचा अनुभव दलित पुरुषांचा अनुभव आणि सवर्ण स्त्रियांचा अनुभव यांची केवळ बेरीज करून मिळत नाही, असे सांगितले तर चटकन कळते.

साहित्य तयार करताना दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विचार पहिल्यापासून करावा लागतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए यांसारखी संगणकप्रणाली विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. मात्र श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत टाइप केलेल्या नोट्स आणि पुस्तकाच्या पानांची नुसती छायाचित्रे तिला वाचता येत नाहीत. त्यामुळे विभागाचा सर्व मजकूर युनिकोडमध्ये असावा, आकृत्यांखाली त्यांचे शब्दांत वर्णन असावे आणि चित्रफितींना मराठी उपशीर्षके असावीत, एवढा नियम केला तरी मोठा फरक पडतो. एकच आशय वाचून, ऐकून व पाहून घेता यावा, विद्यार्थ्याला त्यात गुंतण्याच्या निरनिराळ्या वाटा असाव्यात आणि समजलेले व्यक्त करण्याचेही एकाहून अधिक मार्ग असावेत, या विचाराला अध्ययनाचा सार्वत्रिक आराखडा म्हणतात. तो दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मांडला गेला असला, तरी नोकरी करून शिकणाऱ्या आणि भाषेशी झगडणाऱ्या विद्यार्थ्यांनाही त्याचा तितकाच लाभ होतो.

वर्गातील सुरक्षितता

जात, धर्म, लिंगभाव किंवा दिव्यांगत्व यांविषयी वर्गात बोलायचे, तर प्राध्यापकांना सर्वांत जास्त धास्ती वाटते ती चर्चा हाताबाहेर जाण्याची. या बाबतीत एक पथ्य निरपवाद पाळावे: कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी करू नये. आदिवासी विद्यार्थ्याकडे वळून आदिवासींना काय वाटते असे विचारणे, शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचणे, राखीव जागांवरील चर्चेत एखाद्याकडे सर्वांच्या नजरा वळू देणे, हे सद्भावनेने घडले तरी त्यातून इजा होते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांवर केलेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की कोडी सोडवण्यात दलित व सवर्ण मुलांमध्ये लक्षणीय फरक नव्हता, पण मुलांची जात सर्वांसमोर जाहीर केल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. वर्गात एखादे वाक्य बोलण्यापूर्वी प्रत्येक प्राध्यापकाने हा निष्कर्ष आठवावा. विद्यार्थ्याने स्वतःहून आपला अनुभव सांगितला, तर तो आदराने ऐकावा. मात्र चर्चेचा आधार नेहमी समोर असलेला मजकूर किंवा आकडेवारी असावी.

एखाद्याने अपमानकारक शेरा मारला, तर गप्प बसून पुढे जाणे हा पर्याय नाही. वाक्याचा अर्थ बोलणाऱ्यालाच स्पष्ट करायला सांगणे, त्यामागील दावा पुराव्याने तपासण्याजोगा असेल तर तो तेथेच किंवा पुढच्या तासाला तपासणे, आणि जेथे शेरा व्यक्तीवर असेल तेथे ठामपणे थांबवून तासानंतर दुखावलेल्या विद्यार्थ्याला भेटणे, या तीन कृती प्रशिक्षणात प्रत्यक्ष करवून घ्याव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समताविषयक 2012च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली होती. आपल्या महाविद्यालयात अशा तक्रारी आज कोणाकडे व कशा द्यायच्या, हे प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना सत्राच्या आरंभीच सांगितलेले असावे. प्राध्यापकांनाही संरक्षण लागते. अभ्यासक्रमात असलेला मजकूर शिकवल्याबद्दल बाहेरून दबाव आला, तर विभागप्रमुख आणि प्राचार्य लेखी स्वरूपात पाठीशी उभे राहतील, हा विश्वास नसेल तर शहाणी माणसे असे घटक टाळतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. त्याचबरोबर हे काम विभागातील स्त्रिया, दलित, मुस्लिम किंवा दिव्यांग सहकाऱ्यांच्याच गळ्यात घालण्याची प्रवृत्ती मोडली पाहिजे. त्यांच्या अनुभवाचा मान राखायचा असेल, तर त्यांना त्यांच्या आवडीचा विषय शिकवण्याची मोकळीक हवी आणि विविधतेचे काम सर्वांमध्ये वाटले जायला हवे.

प्रश्नपत्रिका, कार्यभार आणि अभ्यासमंडळ

परीक्षेत जे येत नाही ते शिकवले जात नाही, म्हणून बदलाची खरी कसोटी प्रश्नपत्रिकेत असते. दलित साहित्यावर टीप लिहा, असा प्रश्न पाठांतरच मागतो. दोन आत्मकथनांतील निवेदकाची तुलना करा किंवा दिलेल्या तक्त्यावरून स्त्रियांच्या विनावेतन श्रमाविषयी दोन निष्कर्ष काढा, असे प्रश्न समज तपासतात. म्हणून प्राश्निकांसाठी प्रत्येक घटकाचे नमुनाप्रश्न आणि उत्तरांत काय अपेक्षित आहे याची टिपणे विभागाने आधीच तयार ठेवावीत. अंतर्गत मूल्यमापनात अधिक मोकळीक असते; गावातील पाणीवाटपाची पाहणी, आजीच्या पिढीतील कामाविषयीची मुलाखत, मातृभाषेतील वनस्पतींच्या नावांचा कोश असे प्रकल्प देता येतात, मात्र ज्याच्या घरातील अनुभव वेदनादायक आहे त्याला पर्यायी प्रकल्प निवडण्याची मुभा असावी. उत्तर मराठीत लिहिण्याची परवानगी जेथे नियमाने आहे, तेथे ती वर्गात स्पष्टपणे सांगावी आणि गुणदानात भाषेचे व आशयाचे गुण वेगळे ठेवावेत.

संस्थेच्या पातळीवर सर्वांत मोठी उणीव वेळेची आहे. नवा घटक बसवण्यासाठी लागणारे वाचन हे कार्यभारात मोजले जात नाही, आणि पुष्कळ महाविद्यालयांत पदवीचे बरेचसे तास जे प्राध्यापक घेतात ते तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. त्यांना सभेला बोलावले जात नाही, त्यांना वाचनसंचाचे मानधन मिळत नाही आणि पुढील वर्षी ते असतील याची खात्री नसते. त्यांना वगळून केलेला कोणताही कार्यक्रम कागदावरच राहील, हे येथे आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. अभ्यासक्रमाच्या वाचनाच्या सभांना त्यांना मानधनासह बोलावणे, एका सत्रात एका प्राध्यापकाचे काही तास कमी करून त्यांच्याकडे एका विषयपत्रिकेचा वाचनसंच सोपवणे, आणि दोन प्राध्यापकांनी परस्परांच्या एकेका तासाला बसून नंतर चर्चा करणे, या गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. मालवीय मिशनखालील अध्यापक प्रशिक्षण केंद्रांतील उजळणी वर्गांत सहभागींनी स्वतःच्या विषयपत्रिकेचा एक बदललेला घटक तयार करून आणणे बंधनकारक केले, तर त्या वर्गांचेही सोने होईल.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, अभ्यासक्रमात लिंगभाव, मानवी मूल्ये, पर्यावरण आणि व्यावसायिक नीती यांचा समावेश कसा केला आहे, हे विचारते. या निकषासाठी छायाचित्रे आणि उपस्थितीपत्रके जमवण्याची सवय पडली आहे; त्याऐवजी बदलण्यापूर्वीची व नंतरची विषयपत्रिका, दोन्ही काळांतील प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थ्यांची निवडक उत्तरे जतन केली, तर तोच पुरावा परिषदेलाही चालेल आणि विभागालाही उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांकडून सत्राच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा निनावी अभिप्राय घ्यावा, आणि त्यात कोणता मजकूर समजला नाही, कोठे बोलायला संकोच वाटला आणि कोणते उदाहरण आपले वाटले, एवढेच विचारावे. मध्यावरच्या अभिप्रायानंतर काय बदलले ते वर्गाला सांगावे, अन्यथा दुसऱ्या वेळी कोणी मनापासून लिहीत नाही.

संलग्न महाविद्यालयांना विषयपत्रिका स्वतः बदलता येत नाही, ही मर्यादा खरी आहे. अभ्यासमंडळाने आखलेला आणि विद्यापरिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रमच त्यांना शिकवावा लागतो. तरीही उदाहरणे, वाचनाचा क्रम, अंतर्गत मूल्यमापन आणि वर्गातील चर्चा यांवर महाविद्यालयाचाच अधिकार असतो, आणि वर सुचवलेल्यातील मोठा भाग त्याच अधिकारात बसतो. उरलेल्या भागासाठी प्रत्येक विषयपत्रिकेची एक नोंदवही ठेवावी. कोणता मजकूर वापरला, किती तास लागले, कोणता प्रश्न विचारला, विद्यार्थी कोठे अडले आणि पुढच्या वेळी काय वगळावे, हे शिकवणाऱ्याने त्यात सत्रागणिक लिहावे, ती नव्याने येणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती रुजू होण्याच्या दिवशीच द्यावी, आणि अभ्यासक्रमाच्या फेररचनेची बैठक ठरताच तिची प्रत अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांकडे पाठवावी.